रंगाच्या पाठीमागचं पाणी

मावळातली एखादी रंगवलेली भिंत श्रावणात जवळून बघा. रंगाला फुगे आलेले असतात, बोट लावलं की पापुद्रा सुटतो. आपण म्हणतो, पावसाने रंग खाल्ला. पण घाव समोरून नाही, मागून बसतो. भिंतीत मुरलेलं पाणी विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन बाहेर निघतं. इमल्शनचा थर जवळजवळ प्लास्टिकच. तो वाट अडवतो. पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक मात्र रंगामागे वाढत राहतात आणि त्याला ढकलतात. एवढेसे स्फटिक, पण दगडसुद्धा फोडतात! म्हणून भित्तिचित्र वाचवणारा आधी गच्चीची गळती शोधतो, पायातली ओल शोधतो. 2014 साली रणजित दहियांनी वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर रंगवलेल्या दादासाहेब फाळक्यांचं आयुष्यही कुंचल्याइतकंच त्या भिंतीच्या प्लास्टरवर अवलंबून.

पाण्याहून मोठा शत्रू म्हणजे आपली टापटीप. बेगडेवाडीहून लोणावळा लोकल पकडून कामशेतला उतरा आणि बेडसे लेण्यांत जा. दोन हजार वर्षांचं ते चैत्यगृह 1861 पर्यंत नेमाने साफसूफ होई, रंगवलंही जाई. भेटीला येणाऱ्या इंग्रज साहेबांना बरं वाटावं म्हणून. त्यात जुना गिलावा गेला आणि बहुधा त्यावरची चित्रंही. कुणाचा वाईट हेतू नव्हता, याचंच मला जास्त दुःख होतं.

अजिंठ्यात तर प्रेमानेच इजा केली. 1920 ते 1922 दरम्यान निजाम सरकारने बोलावलेल्या चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारे रंग धरून ठेवायला चपडी लावली, आपले सुतार पॉलिशला वापरतात तीच. चित्रं झळाळली. पुढे चपडी पिवळी पडली, आकसली आणि रंगालाच ओढू लागली. ती उतरवायला पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना फार जपून काम करावं लागलं.

त्यातून आलेला नियम सोपा आहे: आज लावलेलं उद्या काढता आलं पाहिजे. जाणकार बोटाच्या पेराने भिंत वाजवतो; पोकळ आवाज आला की तिथे गिलावा सुटलाय. मग सुईने आत चुन्याचं पातळ मिश्रण सोडायचं. आणि रंग जिथे उडूनच गेलाय, तिथे इटलीत रुळलेली एक पद्धत आहे: जलरंगाच्या केसासारख्या बारीक उभ्या रेघा शेजारी शेजारी ओढायच्या. दहा पावलं मागे सरलात की चेहरा सलग दिसतो. नाक भिंतीला लावलंत, तर रेघा मोजता येतात.