भिंतीवरची बुरशी, घरातल्या शिंका
अर्धापूर म्हणजे केळी आणि हळदीचा पट्टा. पावसाळ्यात इथली हवा दमट होते आणि कपाटामागे, न्हाणीघरालगतच्या भिंतीवर काळपट ठिपके उमटतात. ही बुरशी. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत तरंगतात. अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्यामुळे शिंका येतात, नाक गळतं, डोळे खाजतात. दमेकऱ्यांना धाप लागते. बुरशी ओलीवरच वाढते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ओल रोखण्यावरच भर आहे. वरून रंग मारला, तरी ओल असेपर्यंत बुरशी परत येतेच. आधी गळती बुजवा. मग मास्क लावून डाग साबणाच्या पाण्याने घासा, भिंत कोरडी करा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. तरीही धाप लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.