गळणारे केस आणि लोहाचा साठा

केस गळू लागले की लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात, हा सल्ला निम्माच बरोबर आहे. केसाच्या मुळातल्या पेशी फार वेगाने विभागतात आणि त्यासाठी डीएनए घडवणाऱ्या एका विकराला लोह लागतंच. टंचाईत शरीर आधी रक्ताची गरज भागवतं. म्हणूनच हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे साठ्याचा निर्देशक, तळाला गेलेलं असू शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तेव्हा लोह कमी असल्याची शंका रास्तच आहे.

मग तपासणी कशाला, गोळी तर स्वस्त आहे, असं कुणी म्हणेल. पण जास्तीचं लोह बाहेर टाकण्याची खास सोय शरीराकडे नाही, आणि थॅलेसेमियाच्या वाहकांचं हिमोग्लोबिन लोह पुरेसं असूनही कमी असू शकतं. शिवाय बाळंतपणानंतर किंवा डेंगीसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी झडणारे केस बहुधा आपसूक परततात. श्रेय मात्र गोळी लाटते. लोह आणि केसगळतीच्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे कमतरता सिद्ध झालेल्यांनीच डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. चहासोबत मात्र नको, लिंबूपाणी चालेल. केसांसाठीच्या जाहिरातींतलं बायोटिन हे जीवनसत्त्व तर थायरॉइडच्या तपासणीचे आकडेही बिघडवू शकतं.