उसाची वंशावळ वाचणारी शास्त्रज्ञ : डॉ. ई. के. जानकी अम्मल

म्हैसूरच्या अग्रहार भागात संक्रांतीच्या तोंडावर रस्त्याच्या कडेला उसाच्या मोळ्या विक्रीस येतात. तीळ, गूळ आणि खोबऱ्याच्या मिश्रणासोबत उसाचे कांडे शेजारीपाजारी वाटण्याची तिकडे प्रथा आहे. खाण्याचा हा ऊस जाड पेऱ्यांचा, मऊ, दातांनी सोलता येण्याजोगा असतो. फ्रान्सिस बुकानन याने १८०० साली म्हैसूर मुलखाची पाहणी केली, तेव्हा 'रसदाळी' आणि 'पट्टापट्टी' अशा दोन उसांची नोंद केली होती. आपल्याकडे दख्खनच्या कालव्यांवर 'पुंड्या' उसाचे असेच स्थान होते. हे सारे ऊस गोड खरे. परंतु त्यांना पाणी भरपूर लागे आणि रोग त्यांना सहज गाठत.

आज कारखान्याला जाणारा ऊस या कुळातला असला, तरी केवळ या कुळातला नाही. त्याच्या अंगात नदीकाठी शरदात पांढरे तुरे डोलवणाऱ्या काश गवताचे रक्त आहे. ते रक्त त्यात किती आहे, कोणत्या वाटेने आले आणि आणखी कोणकोणत्या गवतांचे आणता येईल, हे सूक्ष्मदर्शकाखाली वाचणाऱ्यांत डॉ. जानकी अम्मल या अग्रणी होत्या.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातील तलश्शेरी येथे झाला. वडील न्यायखात्यात अधिकारी, घरात ग्रंथसंग्रह आणि बागेचा छंद. मद्रासच्या क्वीन मेरीज महाविद्यालयात व पुढे प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतले. काही काळ अध्यापन केल्यावर बार्बर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये तेथून डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्या काळी भारतात शाळेची पायरी चढणाऱ्या मुलीही थोड्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रवासाचे अंतर कळते. त्रिवेंद्रमला दोन वर्षे प्राध्यापकी करून १९३४ मध्ये त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात रुजू झाल्या.

येथे एका प्रचलित समजाची दुरुस्ती करणे आवश्यक वाटते. 'भारताचा ऊस गोड करणारी स्त्री' असे त्यांचे वर्णन अलीकडे सर्रास केले जाते. वर्णन आकर्षक असले तरी कालानुक्रमात बसत नाही. कोइमतूरचे केंद्र १९१२ मध्ये सुरू झाले. तेथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरमण यांनी 'वेल्लै' या जाड उसाचा रानटी काशाशी संकर करून को २०५ हा वाण दिला, तो १९१८ मध्ये. तेव्हा जानकी अम्मल विद्यार्थिनी होत्या. शिवाय काशात साखर नाममात्र असते. त्याच्याकडून उसाने घेतली ती गोडी नव्हे, तर चिवटपणा, फुटव्यांची संख्या, खोडव्याची ताकद आणि रोगांना तोंड देण्याची क्षमता. जानकीबाईंचे श्रेय वेगळे आहे आणि माझ्या मते ते अधिक खोल आहे.

जाड उसाच्या पेशीत ८० गुणसूत्रे असतात. काशात ही संख्या ठिकाणागणिक बदलते, ४० पासून १२८ पर्यंत. सर्वसाधारण नियमाप्रमाणे संकरित संततीत आईची निम्मी आणि बापाची निम्मी गुणसूत्रे यावीत. परंतु जाड उसाची मादी आणि काशाचा नर असा संकर झाला, की आई बहुधा आपली सर्वच्या सर्व गुणसूत्रे देते. को २०५ मध्ये म्हणूनच ८० अधिक ३२, अशी ११२ गुणसूत्रे भरतात. अशा वंशाचा हिशेब ठेवल्याखेरीज पैदासकाराला कोणता संकर टिकेल, कोणता वांझ निघेल हे केवळ नशिबावर सोडावे लागते. जानकी अम्मल यांनी हा हिशेब मांडण्याचे काम हाती घेतले. भारतभरच्या काशाच्या प्रकारांची गुणसूत्रे मोजताना हे रानगवत एकच एक नसून कितीतरी रूपांनी नांदते आहे, हे त्यांना दिसत गेले.

ऊस बारा ते अठरा महिने शेत अडवून बसतो. आडसाली लावणाऱ्या आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. त्याचा कालावधी कमी व्हावा म्हणून वेंकटरमण यांनी उसाचा ज्वारीशी संकर केला होता, बांबूशीही केला. जानकी अम्मल यांनी उसाचा मक्याशी संकर घडवून त्याचे वृत्त १९३८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या दूरच्या नात्यांतून शेतात जाईल असा वाण निघाला नाही. तरीही गवतकुळातील भिंती समजतो तितक्या उंच नाहीत, हे त्यातून कळले, आणि पुढच्या पिढ्यांतील पैदासकार रानटी नातलगांकडे त्याच भरवशावर वळत राहिले.

केंद्रातील दिवस त्यांना सोपे गेले नाहीत. अविवाहित स्त्री, तिय्या समाजातील जन्म, आणि सभोवती पुरुषांची, बहुतांशी उच्चवर्णीयांची नोकरशाही. १९३५ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. तरीही नोकरीतली कोंडी सुटली नाही. १९३९ मध्ये एडिंबरो येथील आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेला त्या गेल्या, तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि त्या इंग्लंडमध्येच राहिल्या. जॉन इन्स संस्थेत सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासमवेत त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश सिद्ध केला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पिकांचे मूळ कोठले आणि कोणाचा कोणाशी संबंध, याची एका जागी मांडणी करणारा हा ग्रंथ पैदासकारांच्या टेबलावर दीर्घकाळ राहिला. पुढे विझ्ली येथील राजेशाही उद्यान संस्थेत त्यांनी कोल्चिसीन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट करण्याचे प्रयोग केले. तेथील मॅग्नोलियाचा एक प्रकार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून १९५१ मध्ये त्या मायदेशी आल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. या पुनर्रचनेतूनच संस्थेची विभागीय केंद्रे निघाली आणि १९५५ मध्ये पुण्याचे केंद्र सुरू झाले. तण वा रानझाड ओळखण्यासाठी आपण ज्या संग्रहाकडे नमुने पाठवतो, त्याच्या मागे ही हकीकत आहे. नंतर अलाहाबाद, जम्मू आणि काही काळ आपल्या तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्र असा त्यांचा प्रवास झाला.

कीटकशास्त्राच्या बाजूने पाहणाऱ्याला त्यांच्या कामाचे मोल एका प्रसंगाने पटले. २००२ मध्ये सांगली भागात लोकरी माव्याचा उद्रेक झाला. पानांखाली पांढरी लोकर आणि वर काळी बुरशी, असे फड मैलोगणती दिसत होते. हजारो एकरांवर मोजकेच वाण उभे असले, की किडीला शिवारामागून शिवार सारखेच सापडते. त्या संकटातून आपल्याला डिफा आणि मायक्रोमस या परभक्षी कीटकांनी बरेचसे सावरले. वाणांच्या बाजूने मात्र आपल्या हाती फारसे काही नव्हते. आज को ८६०३२ आणि पाडेगावचा फुले २६५ यांनी आपला बराचसा मुलूख व्यापला आहे. दोन्ही उत्तम वाण आहेत, याविषयी वाद नाही. मात्र जगातील बहुतेक व्यापारी ऊस थोड्याशाच जाड उसांच्या आणि थोड्याशाच काशांच्या संकरातून निघाले, म्हणजे आपल्या वाणांची नावे कितीही असली तरी आजे-पणजे तेच ते आहेत. नवे रक्त हवे असेल तर ते ओढ्याकाठच्या, रस्त्याकडेच्या गवतातच शोधावे लागते. आणि तीच बेटे आपण बांध साफ करताना, ओढे सरळ करताना जाळून टाकतो.

नोव्हेंबर १९७० मध्ये त्या मद्रासला स्थिरावल्या. मद्रास विद्यापीठाच्या मदुरवोयल येथील क्षेत्रीय प्रयोगशाळेत त्यांचे औषधी वनस्पतींवरील संशोधन अखेरपर्यंत सुरू होते. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ऐंशी ओलांडल्यावरही केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणाखाली जाऊ नये म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि तेथील झाडांच्या गुणसूत्रांचे सर्वेक्षण हाती घेतले. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

कोइमतूरच्या संस्थेने उसाच्या जागतिक वाणसंग्रहाची जपणूक करण्यासाठी निवडलेले ठिकाण कन्नूर येथे आहे. जाड उसाच्या जुन्या जाती आणि त्यांचे रानटी नातलग तेथे दरवर्षी नव्याने लावून जिवंत ठेवले जातात. तलश्शेरी त्याच जिल्ह्यात आहे.