मागचं मधलं चाक

भाजी मंडईबाहेर, बँकेच्या पायरीपाशी किंवा गणेशोत्सवात मांडवाच्या कडेला उभी असलेली साइड-व्हीलची स्कूटर आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. नेहमीचीच स्कूटर, पण मागे दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक जोडलेलं. लोक तिला सरसकट ‘तीनचाकी’ म्हणतात. मोजायला गेलं तर चाकं चार भरतात : पुढचं एक, मागे बाजूंची दोन, आणि त्या दोघांच्या मधे झाकलं गेलेलं मूळचं एक. हा लेख त्या झाकल्या गेलेल्या चाकाबद्दल आहे. इंजिनाची ताकद त्यालाच मिळते, मागचा ब्रेक त्यालाच लागतो, आणि त्याचा टायर बिघडला की गाडीवरच्या माणसाचा सगळा दिवस अडून राहतो.

इंदूरच्या आमच्या घरात अशी गाडी मी लहानपणापासून पाहतो आहे. ती माझ्या आत्याची. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. एका पायाला कॅलिपर, हातात कुबडी. शाळेत ग्रंथपालाची नोकरी करून ती आता निवृत्त झाली आहे. तिची पहिली गाडी कायनेटिक होंडा. ही स्कूटर १९८० च्या दशकात बाजारात आली आणि ती तयार व्हायची आपल्या जवळच, पीथमपूरच्या कारखान्यात. किक मारायला नको, गिअर बदलायला नको, बटण दाबलं की सुरू. धडधाकट माणसाला ती एक सोय होती. आत्यासारख्यांसाठी मात्र रस्ता पहिल्यांदाच मोकळा झाला. आता तिच्याकडे ॲक्टिव्हा आहे.

देशात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. नवे रुग्ण थांबले, पण आधीची पिढी आपल्यातच आहे आणि तिचं वय वाढतं आहे. जन्मभर कुबडीवर भार देऊन खांदे आणि मनगटं आता कुरकुर करतात. पूर्वी जे अंतर चालत कापलं जायचं त्यालाही गाडी लागते. त्यामुळे स्कूटर बंद पडणं हे तुमच्या-माझ्या गाडीचं बंद पडणं नसतं. आपण उतरतो, गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत नेतो. तिला हे करताच येत नाही.

पंक्चर कळतच नाही

साध्या स्कूटरचं मागचं चाक बसलं की शेपटी लगेच हेलकावे खाते. साइड-व्हीलच्या गाडीत तसं होत नाही. बाजूची दोन चाकं गाडीला सरळ धरून ठेवतात, म्हणून हवा निम्मी गेली तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. तोपर्यंत टायरची भिंत रिम आणि रस्ता यांच्यात चेपत राहते. खिळा काढून दहा मिनिटांत संपलं असतं ते काम मग नव्या टायरवर जातं.

काही खुणा मात्र दिसतात. ॲक्सिलरेटर नेहमीपेक्षा जास्त पिळावा लागतो. चढावर किंवा ओल्या रस्त्यावर इंजिन ओरडतं पण गाडी तितकी पुढे जात नाही, कारण मधल्या चाकावर पुरेसा भार उरलेला नसतो आणि ते जागच्या जागी घसरतं. मागचा ब्रेक लावला तर चाक पटकन लॉक होतं. यातलं काहीही जाणवलं तर गाडी कडेला घेऊन कोणाला तरी मागून वाकून बघायला सांगावं.

मागच्या पावसाळ्यात आत्याच्या बाबतीत हेच झालं. बँकेतून परतताना गाडी जड वाटायला लागली. पहिल्या पंक्चरवाल्याने लांबूनच हात हलवला, “माताजी, इस गाड़ी में हाथ नहीं डालेंगे.” दुसऱ्याने बाजूच्या चाकांची फ्रेम गॅसने कापून मग चाक काढू, असं सुचवलं. आत्या गाडीवरच बसून होती, कारण उतरून टेकायला जागा नव्हती. शेवटी तिने मला फोन केला आणि ऑफिसमधून निघून मी तिथे पोचेपर्यंत पाऊण तास गेला.

चाक काढायची घाई नको

पहिली गोष्ट ही, की ट्यूबलेस टायरचं साधं पंक्चर काढायला चाक उतरवावं लागत नाही. गाडी वीतभर पुढे-मागे सरकवली की खिळा मागच्या बाजूला, मडगार्डखाली येतो. तिथून खिळा उपसून, भोक साफ करून चिकट रबरी पट्टी आत ढकलता येते. साइड-व्हीलची फ्रेम बाजूंना असते, मागची जागा बहुधा मोकळीच असते. पंक्चरवाला गाडी पाहून घाबरतो तो चाक काढण्याच्या कल्पनेने. “चाक काढू नका, मागूनच पट्टी मारा,” एवढं सांगितलं तरी निम्मे लोक तयार होतात.

पट्टी कुठे चालते तेही बघायला हवं. रस्त्याला टेकणाऱ्या मधल्या भागात छोटं भोक असेल तर ती चालते. टायरच्या खांद्यावर किंवा भिंतीवर चीर गेली असेल तर पट्टी किंवा पॅच मारून भागत नाही. भिंतीवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत असं समजावं आणि टायर बदलावा. हवा पुन्हा पुन्हा कमी होते पण खिळा सापडत नाही, तेव्हा साबणाचं पाणी लावून व्हॉल्व्ह आणि रिमची कड तपासावी. खड्ड्यात आपटून रिम दबलेली असते आणि दोष टायरला लागतो.

टायर किती झिजला हे मोजायला उपकरण नको. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. झिजून टायरचा पृष्ठभाग त्यांच्या बरोबरीला आला की त्याचं आयुष्य संपलं. साइड-व्हीलची गाडी वळताना झुकत नाही, त्यामुळे तिचा मधला टायर गोल न राहता चपटा होत झिजतो. कडेला नक्षी ठळक दिसते म्हणून टायर चांगला आहे असं वाटतं. बघायचं ते मधे.

टायर घेताना आणि बसवताना

टायरच्या भिंतीवर सगळी माहिती छापलेली असते. ॲक्टिव्हाच्या मागच्या टायरवर ‘९०/१००-१०’ आणि पुढे ‘५३ जे’ अशी खूण दिसते. रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १० इंची. ५३ म्हणजे तो टायर २०६ किलोपर्यंत भार पेलतो आणि ‘जे’ म्हणजे ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा. यापेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. शिवाय चार आकड्यांचा एक शिक्का असतो : ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं रबर कडक होतं, म्हणून हा शिक्का वाचूनच पैसे द्यावेत.

चाक काढावंच लागलं तर पंक्चरवाल्यापेक्षा साइड-व्हील बसवणाऱ्या कारागिराकडे जावं. एक तर अशा बऱ्याच गाड्यांचा मधला स्टँड काढलेला असतो, त्यामुळे गाडी जॅकवर घ्यावी लागते. आणि जॅक फ्रेमखाली लागायला हवा, इंजिनाखाली नव्हे. दुसरं, सायलेन्सर आणि बऱ्याचदा एका बाजूचं साइड-व्हील उतरवल्याशिवाय चाक बाहेर येत नाही. हे बोल्ट कापायचे नसतात, खोलायचे असतात. काम तासा-दीड तासाचं आहे, त्यामुळे बसायला खुर्ची आहे का हे आधीच फोनवर विचारून घ्यावं.

त्याच वेळी एक छोटी गोष्ट करून घ्यावी : काटकोनात वाकलेला व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. साइड-व्हीलच्या फ्रेममुळे सरळ व्हॉल्व्हपर्यंत हवेचं नोझल पोचत नाही, आणि म्हणूनच या गाड्यांच्या मधल्या चाकात हवा भरायची राहून जाते. पंक्चरची निम्मी सुरुवात तिथेच होते.

नवा टायर बसल्यावर गाडी डुलायला लागली तर घाबरू नये. झिजलेल्या टायरपेक्षा नवा टायर काही मिलिमीटर उंच असतो. बाजूची चाकं जुनीच असल्यामुळे ती रस्त्यापासून थोडी वर राहतात आणि गाडी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे कलते. कारागिराकडून सपाट फरशीवर, चालवणारी व्यक्ती गाडीवर बसलेली असताना, दोन्ही बाजूंची उंची जुळवून घ्यावी. उलट बाजूची चाकं फार खाली उतरवली तर मधल्या चाकावरचा भार कमी होतो आणि मघाशी सांगितलेलं घसरणं सुरू होतं.

विम्याबद्दलही एक शब्द. गाडीला दुसरं काही नुकसान न होता फक्त टायर फुटला तर सर्वसाधारण पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत. रस्त्यावरच्या मदतीची सेवा घेतली असेल तर फोन करतानाच गाडीला साइड-व्हील आहे हे सांगावं, म्हणजे रुंद फळीची गाडी येते. साइड-व्हीलची नोंद आरसी पुस्तकात आहे ना, हेही एकदा बघून ठेवावं. मोटार वाहन कायद्यात अशा गाड्यांना पूर्वी ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीपासून ‘अडॅप्टेड व्हेइकल’ हा शब्द आला. कायद्याची भाषा सुधारली, आता रस्त्यावरची वागणूकही सुधारावी.

प्रश्न टायरचा नव्हताच

त्या दिवशी घरी आल्यावर बाबा म्हणाले, “ताई, आता पुरे झालं. काय हवं ते सांग, कुठे जायचं ते सांग, कोणी तरी सोडेल.” बाबांच्या बोलण्यात काळजीच होती. आत्याने कॅलिपरचे पट्टे सोडवत शांतपणे विचारलं, “कोणी तरी म्हणजे कोण? आणि किती वाजता?”

यावर आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. मी दिवसभर कॉलवर, बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आईला गाडी येत नाही. ॲपवरची रिक्षा बोलावली तर ती गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि तिथपर्यंत चालणं हीच आत्याची अडचण. तिची बँक, तिचं वाचनालय, बुधवारचं भजन, रामबागेतल्या मैत्रिणीकडे जाणं, हे सगळं ‘कोणी तरी’च्या वेळेवर लटकलं असतं. काळजीपोटी आपण घरातल्या माणसाची गाडी बंद करतो तेव्हा त्याबरोबर काय काय बंद होतं, याचा हिशेब करत नाही. एका टायरपायी चाळीस वर्षांची सवय मोडायची नाही, एवढं त्या रात्री ठरलं.

टायर बदलला. डिकीत चार्जिंगवर चालणारा छोटा हवेचा पंप आला. दर रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत चारही चाकांची हवा मोजायची, हे काम माझ्याकडे आलं. डिकीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे : टायरचा माप, हवेचा दाब, आणि काम येणाऱ्या दोन कारागिरांचे फोन. दुसरा कारागीर सापडायला आम्हाला तीन दिवस लागले. तो निघाला घरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर.

हे तीन दिवस दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत. तुमच्या भागात साइड-व्हीलच्या गाडीचं काम न कुरकुरता करणारा कारागीर असेल तर त्याला विचारून त्याचं दुकान, वेळ आणि फोन मंडळाला कळवा. इंदूरची यादी मी करायला घेतली आहे. देवास, उज्जैन आणि महू इथल्या वाचकांनी आपापल्या गावाची केली तर ती एकत्र छापता येईल.