घरातील बुरशी आणि कुटुंबाचे आरोग्य

पावसाळा सुरू झाला की घरात ओल वाढते. भिंतीच्या तळाशी काळसर डाग उमटतात, कणगीचे झाकण काढताच कुबट वास येतो, आणि तळाचे दाणे एकमेकांना चिकटून त्यांचे ढेप झालेले आढळतात. असे धान्य चोळून, पाखडून, उन्हात घालून गिरणीत नेण्याची रीत घरोघर आहे. कष्टाने पिकविलेले धान्य टाकून देणे जिवावर येते, हे खरे. परंतु ही काटकसर कधी कधी प्राणावर बेतते.

१९७४ सालचा धडा

१९७४ च्या ऑक्टोबरात राजस्थानातील बांसवाडा व त्यास लागून असलेल्या गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत मक्याच्या काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला. भिजलेली कणसे नीट न वाळताच घरात साठविली गेली आणि त्यांवर बुरशी चढली. दुसरे धान्य नसल्याने गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच मका खाल्ला. पुढे कावीळ झाली, पोटात पाणी साचू लागले. सुमारे ४०० माणसे आजारी पडली व त्यांपैकी १०६ दगावली. त्या घरांतील उष्ट्या अन्नावर जगणारी कुत्रीही याच रोगाने मेली. तपासात त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष आढळले.

हे विष एका पिवळसर हिरव्या बुरशीपासून तयार होते. मका व भुईमूग यांवर ती विशेष वाढते. विषास रंग, वास वा चव नाही. धान्य धुतल्याने, शिजविल्याने किंवा भाकरी भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही. थोड्या प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास ते यकृताच्या कर्करोगास कारण होते. बुरशी वरून पुसली तरी दाण्यात उतरलेले विष तसेच राहते. म्हणून बुरशी आल्यावर उपाय करण्यापेक्षा ती येऊच न देणे श्रेयस्कर.

साठवणीतील दक्षता

१. तृणधान्यातील ओल १२ टक्क्यांपर्यंत व भुईमुगाच्या शेंगांतील ओल ८ टक्क्यांपर्यंत उतरेतो ती वाळवावीत. नीट वाळलेली शेंग हलविली असता आत दाणे खुळखुळतात.

२. धान्याची परीक्षा घरीच करता येते. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य व तव्यावर तापवून थंड केलेले मीठ घालून, बूच लावून काही मिनिटे हलवावे. मीठ काचेला चिकटल्यास ओल १५ टक्क्यांहून अधिक आहे असे समजून धान्य पुन्हा वाळवावे.

३. उन्हातून आणलेले धान्य निवल्यावरच कोठीत भरावे. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचावीत.

४. फुटक्या, किडक्या, सुरकुतलेल्या शेंगा व दाणे वेगळे काढावेत. बुरशी प्रथम तेथेच शिरते.

५. बुरशीचे धान्य गुरांना व कोंबड्यांना घालू नये. दुभत्या जनावराने ते खाल्ल्यास विषाचा अंश दुधात उतरतो व आपल्याच मुलांच्या पोटात जातो. असे धान्य खोल खड्ड्यात पुरावे.

भिंतीवरील बुरशी

भिंतीवरील बुरशीचे सूक्ष्म कण श्वासावाटे शरीरात जातात. त्यामुळे शिंका, खोकला व दमा बळावतो. लहान मुले आणि दमेकरी यांना त्याचा त्रास अधिक होतो. नुसती सफेदी मारल्याने डाग काही दिवस झाकतात, पण ओल तशीच राहते. यास्तव प्रथम पाणी कोठून मुरते ते शोधावे. फुटकी कौले बदलावीत, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर न्यावे, न्हाणीच्या पाण्यास वाट करून द्यावी. नंतर नाकातोंडास कापड बांधून पक्क्या भिंतीवरील डाग साबणाच्या पाण्याने घासावेत. मातीच्या भिंतीचा खराब थर खरवडून काढावा. भिंत पूर्ण सुकल्यावरच चुना द्यावा. पाऊस उघडला की खिडक्या, दारे उघडून वारा खेळू द्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी घरोघर जाऊन मिठाची ही परीक्षा गृहिणींना प्रत्यक्ष करून दाखवावी. धान्याची कोठी त्यांच्याच हाती असते. वाळवणाचे चार दिवस वाया गेले असे कोणी मानू नये. त्या चार दिवसांच्या उन्हावर घरातल्या मुलाबाळांचे वर्षभराचे आरोग्य अवलंबून आहे.