उन्हात छापा, सोड्यात धुवा

रब्बीच्या हंगामात शेतातल्या मोटरचा स्टार्टर बंद पडला की शेतकऱ्याला थांबायला सवड नसते. थ्री-फेज वीज ज्या तासांत येते त्याच तासांत पाणी फिरले पाहिजे, मग ते तास रात्रीचे का असेनात. स्टार्टरच्या पेटीत एक लहानसे कार्ड असते. एखादा फेज गेला किंवा विहिरीतले पाणी तळाला गेले की ते मोटर थांबवते. त्यावरचा रिले जळतो तेव्हा पुष्कळदा खालचा तांब्याचा ट्रॅकही उडतो आणि बोर्डाचा कोळसा होतो. रिले मिळतो, आयसी मिळते. जुन्या मॉडेलचा रिकामा बोर्ड मात्र मिळत नाही. कारखान्यातून करून घ्यायचा तर एकासाठी पाच-दहा नग मागवा आणि वर कुरिअरची वाट पाहा. मी खामगावात दुरुस्तीची कामे करतो. असा एखादा बोर्ड लागला की तो घरीच बनवतो.

घरी असा छापील बोर्ड, म्हणजे पीसीबी, करण्याच्या रीती साधारण तीन. मार्करने किंवा नेलपॉलिशने तांब्यावर हाताने ट्रॅक काढणे ही पहिली. लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरवणे ही दुसरी. तिचा निकाल इस्त्रीच्या दाबावर आणि नशिबावर. तिसरी रीत प्रकाशाची. तांब्यावर प्रकाशाला जागणारी फिल्म चढवायची, तिच्यावर नकाशा ठेवून प्रकाश द्यायचा, मग डेव्हलप करायचे. खटपट जास्त, पण ०.३ मिलिमीटरचा ट्रॅक दर वेळी तेवढाच उमटतो.

या रीतीला मोठी परंपरा आहे. जुन्या वर्तमानपत्रांचे जस्ताचे ब्लॉक असेच बनत: धातूवर प्रकाशाने कडक होणारा थर, वर निगेटिव्ह, मग ॲसिड. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी फोटोलिथो आणि ब्लॉकच्याच धंद्यात होते. पॉल आइस्लर याने लंडनमध्ये १९३६ च्या सुमारास छापील सर्किटवर रेडिओ चालवून दाखवला. गुंडाळीत मिळणारी कोरडी फिल्म ड्युपॉन्ट कंपनीने १९६८ मध्ये ‘रिस्टन’ या नावाने आणली. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन येणारी निळी ड्राय फिल्म त्याच घराण्यातली.

काम सुरू होते भांडी घासण्याच्या घासणीने. कॉपर क्लॅडवर, म्हणजे कोऱ्या बोर्डावर, तांब्याचा थर असतो साधारण ३५ मायक्रॉनचा, आणि त्याच्यावर बोटांचा तेलकटपणा हमखास असतो. बोर्ड घासून नळाखाली धरला की पाण्याचा अखंड पापुद्रा टिकायला हवा. कुठे पाणी फाटून थेंब झाले, तर तिथे तेल आहे, पुन्हा घासा. स्वच्छ बोर्ड पुसून, वाळवून कडेलाच धरायचा. फिल्मच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिकचे आवरण असते. आतले आवरण चिकटपट्टीच्या दोन तुकड्यांनी सोलायचे, फिल्म एका कडेपासून बुडबुडा न धरता टेकवायची आणि बोर्ड लॅमिनेशन मशीनमधून काढायचा. मशीन १०० ते ११० अंशांवर हवे. थंड मशीनमधून गेलेली फिल्म दिसायला चिकटलेली असते, ट्रेमध्ये मात्र सुटते. हे सगळे पिवळ्या दिव्यात चालते. फिल्म अतिनील आणि निळ्या प्रकाशाला जागते, पिवळ्याला नाही. पांढऱ्या एलईडी ट्यूबच्या उजेडात निळा अंश असतो, म्हणून ट्यूब बंद.

नकाशा संगणकावर किकॅडमध्ये काढतो आणि ओएचपी शीटवर लेझर प्रिंट घेतो. ही फिल्म निगेटिव्ह जातीची. जिथे प्रकाश पडतो तिथे ती कडक होऊन टिकते, म्हणून ट्रॅक पारदर्शक आणि बाकी सगळे काळे छापावे लागते. झेरॉक्सच्या दुकानात फाइल उघडली की ठरलेला प्रश्न येतो, “भाऊ, हे त सारं कायंच हाये, छापू काय?” टोनर जास्त जातो, हा त्या प्रश्नाचा अर्थ. त्याची कुरकुर रास्त आहे आणि माझी गरजही. प्रिंट खिडकीकडे धरून पाहिली की काळ्यात सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात, म्हणून दोन प्रिंट तंतोतंत एकावर एक चिकटवतो. प्रिंट उलटी, आरशातली घ्यायची, म्हणजे टोनरची बाजू थेट फिल्मला टेकते. टोनर आणि फिल्म यांच्यात शीटची जाडी आली तर प्रकाश त्या फटीतून आडवा शिरतो आणि ट्रॅकच्या कडा फुगतात.

प्रकाशासाठी अतिनील एलईडीची पेटी करता येते. विदर्भात मात्र ऊन फुकट आहे. सूर्याची तबकडी आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापते, त्यामुळे त्याचे किरण जवळपास समांतर येतात आणि कडा धारदार उमटतात. बिघाड करते ते आकाश: विखुरलेला अतिनील प्रकाश चहूकडून येतो आणि ढग गेला की हिशेब बदलतो. म्हणून काचेची चौकट सूर्यासमोर सरळ कलती धरायची, शीट काचेखाली घट्ट दाबलेली हवी. किती सेकंद, ते कुणाला विचारून कळत नाही. एका फालतू तुकड्यावर पुठ्ठा ठेवायचा आणि दर दहा सेकंदांनी थोडा सरकवत जायचे. एकाच तुकड्यावर दहा, वीस, तीस सेकंदांचे पट्टे मिळतात. डेव्हलप केल्यावर जो पट्टा नीट टिकला आणि ज्याच्या शेजारच्या बारीक फटीही मोकळ्या झाल्या, तो त्या महिन्याचा आणि त्या वेळेचा आकडा. मे महिन्याचा आकडा डिसेंबरला चालत नाही.

प्रकाश पडला तिथे फिल्मचा निळा रंग गडद होतो, म्हणजे नकाशा डेव्हलप करण्याआधीच दिसू लागतो. तरी घाई करायची नाही. फिल्ममधली जोडणी प्रकाश थांबल्यावरही थोडा वेळ चालू असते. बोर्ड पंधरा मिनिटे अंधारात ठेवायचा, मगच वरचे प्लास्टिक सोलायचे. ते सोलायचे राहिले तर सोडा फिल्मपर्यंत पोचतच नाही.

डेव्हलपर म्हणजे सोडियम कार्बोनेट, आपला धुण्याचा सोडा, एक टक्क्याचा. लिटरला दहा ग्रॅम. इथे एक बारकावा आहे. खडेदार स्फटिकी सोड्यात दहा रेणू पाणी धरलेले असते आणि वजनात खरा सोडा फक्त ३७ टक्के. म्हणून कोरडी पूड असेल तर दहा ग्रॅम, खडे असतील तर सत्तावीस. पुडीत सुगंध, निळीचे कण किंवा ब्लीच मिसळलेले असेल तर ती या कामाची नाही. शुद्ध सोडा मिळाला नाही तर खाण्याचा सोडा कढईत चांगला भाजून घ्यायचा. त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उडून जाते आणि सोळा ग्रॅमचे दहा ग्रॅम कार्बोनेट उरते.

हा क्षार आमच्या बुलढाणा जिल्ह्याला परका नाही. लोणारच्या विवरातल्या सरोवराचे पाणी याच कार्बोनेट-बायकार्बोनेटने आणि मिठाने खारट आहे. त्याचा पीएच दहाच्या आसपास भरतो. ‘आईन-ए-अकबरी’त लोणारच्या डोंगरांत काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते अशी नोंद आहे. पुढे इंग्रजी अमलातही सरोवरातून सोडा काढला जाई. आता ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. तिथला खार तिथेच राहू द्यावा. आपल्या ट्रेला किराणा दुकानातली पुडी पुरते.

सोडा नेमके करतो काय? फिल्मच्या पॉलिमरमध्ये आम्लाचे गट असतात. अल्कली भेटली की त्या गटांचा पाण्यात विरघळणारा क्षार होतो आणि फिल्म पाण्यात उतरते. जिथे प्रकाश पडला तिथे रेणू एकमेकांना जखडलेले असतात. तिथेही सोडा शिरू पाहतो, पण जाळे सुटत नाही. फार वेळ ठेवले तर मात्र तेही फुगते. डेव्हलपिंग ही अशी शर्यत आहे: नको ते पूर्ण जावे आणि हवे ते फुगायच्या आत बाहेर यावे.

शर्यतीचा वेग तापमान ठरवते. द्रावण ३० अंशांच्या जवळ हवे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी थेट घेतले तर ट्रॅकही सुटू लागतात. त्यात माठाचे पाणी मिसळावे लागते. घाटावरच्या बुलढाण्यात थंडीच्या सकाळी उलट होते, पाणी कोमट करून घ्यावे लागते. पाण्याची जातही महत्त्वाची. बोअरच्या जड पाण्यात सोडा टाकला की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ धरतो आणि तेवढा सोडा वाया जातो, म्हणून द्रावण आरओच्या पाण्यात करतो. नंतरचे धुणे मात्र जड पाण्यातच चांगले. त्यातले कॅल्शियम फिल्मच्या कडा घट्ट करते. कारखान्यांतही धुण्यासाठी जड पाणीच पसंत करतात.

बोर्ड ट्रेमध्ये सोडला की सुरुवातीला काहीच होत नाही. मग ट्रॅकच्या मधली फिल्म बुळबुळीत होते आणि पाण्यात निळसर धूर सुटतो. मऊ स्पंज हलक्या हाताने फिरवायचा. आधी मोठ्या मोकळ्या जागांतून तांबे चमकते, सर्वांत शेवटी आयसीच्या पायांमधल्या बारीक फटींतून. घड्याळ पाहायचे ते इथे. मोकळे तांबे पहिल्यांदा पूर्ण उघडे पडायला जितका वेळ लागला, तेवढाच वेळ आणखी द्यायचा. पंचेचाळीस सेकंदांत उघडले तर एकूण नव्वद. कारखान्याचा हिशेबही साधारण हाच असतो.

ट्रेमधली ही दोन-तीन मिनिटे आधीच्या तासाभराचा जमाखर्च मांडतात. ट्रॅक उचलले जात असतील तर तांबे तेलकट होते, मशीन थंड होते किंवा ऊन कमी पडले. फिल्म निघतच नसेल तर काळ्या भागातून प्रकाश झिरपला किंवा सोडा मंद आहे. या दोन कारणांतले खरे कोणते, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. फिल्म चढवलेला, पण ऊन न दाखवलेला एक छोटा तुकडा आधी सोडून पाहायचा. तो वेळेत स्वच्छ झाला तर सोडा चांगला आहे, दोष छपाईत आहे. तिसरा दोष डोळ्यांना दिसत नाही: तांब्यावर राहिलेला फिल्मचा अतिपातळ थर. त्यासाठी बोर्ड काही सेकंद तांबे खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून काढतो. स्वच्छ तांबे लगेच निस्तेज गुलाबी होते. जिथे चमक तशीच राहिली तिथे फिल्म आहे. पाण्याने धुऊन बोर्ड पुन्हा सोड्यात.

यापुढचे काम सरधोपट. फेरिक क्लोराइड उघडे तांबे खाते, स्वतः फेरस होते आणि तांब्याचे क्लोराइड पाण्यात उतरते. ट्रे प्लास्टिकचा हवा, स्टील-ॲल्युमिनियमचा नको. कपड्यांवर आणि फरशीवर पडलेला डाग जन्मभर राहतो. शेवटी राहिलेली फिल्म तीन टक्क्यांच्या कॉस्टिक सोड्यात पापुद्रे होऊन गळते. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचे, कॉस्टिकवर पाणी ओतायचे नाही. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. ट्रे स्वयंपाकघरातला नसावा आणि घरात लहान मुले असतील तर बाटल्या कुलपात असाव्यात.

खरा प्रश्न उरतो सांडपाण्याचा. वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये तांबे असते आणि ते मासे, शेवाळ, मातीतले जीव यांना विषारी आहे. ते मोरीत किंवा बांधावर ओतणे हा गुन्हा समजावा. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवतो आणि पुन्हा पुन्हा वापरतो. अगदी निकामी झाल्यावर त्यात लोखंडी घासणी टाकतो. लोखंड विरघळते आणि तांबे तांबूस गाळ होऊन खाली बसते. मग सोडा घालून उरलेले धातू गाळात आणायचे, तो वाळवून घट्ट डब्यात भरायचा आणि धोकादायक कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीच द्यायचा. डेव्हलपरच्या पाण्यात थोडे लिंबूसत्व घातले की विरघळलेली फिल्म नासलेल्या दुधासारखी फुटून वर येते. ती गाळून वेगळी करता येते.

मग हे सगळे करावे का? दहा बोर्ड हवे असतील, दोन्ही बाजूंनी ट्रॅक असतील, भोकांतून तांबे चढवायचे असेल तर कारखान्याला द्या. तिथले काम घरच्यापेक्षा सरस आणि स्वस्तही. एकच बोर्ड हवा असेल आणि तो याच आठवड्यात लागत असेल, तर घरची रीत पुरून उरते. अभियांत्रिकी आणि आयटीआयच्या मुलांनी तर एकदा तरी ती स्वतः करावी. सॉफ्टवेअरमधली रेघ आणि तांब्यातला ट्रॅक यांच्यात काय काय घडते, ते दुसरीकडे इतक्या जवळून दिसत नाही. मात्र पहिला बोर्ड करण्याआधी सांडपाण्याचा कॅन विकत आणा. तो नसेल तर कामाला हात घालू नका.