गूगलच्या नकाशावर आपले दुकान : नाव कमवावे, विकत घेऊ नये

धंद्यात नावाला काय किंमत असते, हे आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना सांगण्याची गरज नाही. अमुक शिंप्याच्या हातची शेरवानी, तमुक मिस्त्रीने बांधलेले इंजिन, अशी ख्याती तोंडोतोंडी पसरत असे आणि गिऱ्हाईक पत्ता विचारीत गल्लीत येत असे. ख्याती आजही तशीच पसरते, फक्त पत्ता विचारण्याची जागा बदलली आहे. १९९६ साली मुंबईत जस्ट डायल सुरू झाली, तेव्हा लोक फोन करून दुकानांची माहिती विचारू लागले. आता गिऱ्हाईक मोबाईलवर ‘जवळचा फ्रीज मेकॅनिक’ एवढेच लिहिते आणि नकाशाखाली जी दोन-तीन नावे आधी दिसतात, त्यांपैकीच एकाला बहुधा फोन लावते. ज्याचे नाव त्या यादीत नाही, त्याच्या हातात कितीही हुनर असले तरी त्याचा फोन वाजत नाही. सबब ही यादी कशी बनते, हे समजून घेणे आता प्रत्येक छोट्या धंदेवाल्याच्या गरजेचे झाले आहे.

नावे कशी ठरतात?

गूगलनेच सांगितल्याप्रमाणे येथे प्रामुख्याने तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली जुळणी : गिऱ्हाईक जे शोधते आहे, तेच काम आपण करतो का? दुसरी अंतर : शोधणाऱ्यापासून आपण किती दूर आहोत? तिसरी ख्याती : आपला उल्लेख कोठे कोठे आहे, किती लोकांनी अभिप्राय दिले आणि किती तारे दिले? या यादीत वरचा क्रमांक पैसे देऊन मिळत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि तिच्यावर जाहिरात असल्याची खूण असते.

अंतर आपल्या हाती नाही. जुळणी मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे आणि आपले बहुतेक लोक तेथेच मागे पडतात. मिरजेच्या सतारी व तंबोऱ्यांचे उदाहरण घ्या. या कारागिरीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु पुण्याचा एखादा नवा विद्यार्थी कारागिराचे नाव शोधत नाही, तो ‘तंबोरा दुरुस्ती’ असे शोधतो. ज्याच्या नोंदीत फक्त ‘दुकान’ एवढेच लिहिले असेल, तो त्याला कसा सापडणार?

नोंद कशी करावी?

ही नोंद विनामूल्य आहे. पूर्वी तिला ‘गूगल माय बिझनेस’ म्हणत. २०२१ पासून तिचे नाव ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झाले. आपल्या दुकानाची नोंद कोणीतरी आधीच केलेली असू शकते. तसे असेल तर दुसरी न करता त्याच नोंदीवर मालकी सांगावी. नंतर व्हिडिओ, फोन किंवा अन्य मार्गाने खात्री करून घेतली जाते.

नाव पाटीवर आहे तसेच लिहावे. नावापुढे ‘सर्वात स्वस्त’ किंवा गावाचे नाव जोडणे नियमाविरुद्ध आहे, आणि त्यापायी नोंद बंद पडू शकते. पाटीवर ‘न्यू’, बिलावर ‘न्यू’ नाही, तिसऱ्या ठिकाणी जुनाच फोन नंबर, असा घोळ आपल्याकडे सर्रास दिसतो. नाव, पत्ता व नंबर सगळीकडे एकच ठेवावेत. कामाचा मुख्य प्रकार नेमका निवडावा. ‘शिंपी’ म्हणजे सगळेच आले असे समजू नये. शेरवानी, बुरखा, शाळेचा गणवेश, पडदे, जे करता ते लिहावे. आपल्या हातच्या कामाचे खरे फोटो लावावेत.

वेळेकडे तर खास लक्ष द्यावे. शुक्रवारी दुपारी आपण दुकान बंद ठेवतो, रमजानमध्ये वेळ बदलते, ईदला दोन-तीन दिवस कुलूप असते. मोहल्ल्यातल्या माणसाला हे ठाऊक असते. लांबून रिक्षा करून आलेल्याला ठाऊक नसते आणि तो एक तारा देऊन जातो. नोंदीत अशा दिवसांसाठी वेगळी वेळ टाकण्याची सोय आहे.

ज्यांना दुकानच नाही त्यांचे काय? प्लंबर, रंगारी, घरी मेंदी किंवा शिवणकाम करणाऱ्या भगिनी यांचा पत्ता घराचाच असतो. त्यांनी गिऱ्हाइकाकडे जाऊन काम करीत असल्यास पत्ता झाकून फक्त आपण कोणकोणत्या भागांत जातो एवढेच दाखवावे. तशी तरतूद आहे.

अभिप्राय : मागावे, पण विकत घेऊ नयेत

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ साली अमेरिकेतील सिएटल शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. ‘येल्प’ या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढते, असे त्यांना आढळले. मात्र ही वाढ स्वतंत्र मालकांच्या उपाहारगृहांत दिसली, मोठ्या साखळी कंपन्यांच्या उपाहारगृहांत दिसली नाही. कारण उघड आहे. मोठ्या कंपनीचे नाव लोकांना आधीच माहीत असते, छोट्याची ओळख मात्र अभिप्रायच करून देतात.

म्हणूनच काम पसंत पडले की गिऱ्हाइकाला विनासंकोच म्हणावे, “दोन ओळी लिहाल का?” नोंदीतून अभिप्रायाचा क्यूआर कोड मिळतो, तो गल्ल्याजवळ लावावा. पण सूट किंवा भेटवस्तूच्या बदल्यात तारे मागणे, फक्त खूश गिऱ्हाइकांनाच लिहावयास सांगणे, स्वतः किंवा नोकरांकरवी लिहून घेणे, हे सारे निषिद्ध आहे.

तरीही पाच ताऱ्यांचे अभिप्राय विकणारे बाजारात फिरतातच. त्यांच्या नादी लागू नये. नियमभंग करणारे २४ कोटींहून अधिक अभिप्राय २०२४ या एका वर्षात अडविले वा काढून टाकले, असे गूगलने जाहीर केले आहे. आपल्या देशातही भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. जाहीर झाले तेव्हा त्याचे पालन ऐच्छिक होते, पण सरकारचा रोख त्यातून कळतो. आणि नियम बाजूला ठेवले तरी, न घेतलेल्या मालाची तारीफ ही खोटी साक्षच नव्हे काय? वजनात काटा न मारणाऱ्या दुकानदाराने येथे तरी का मारावा?

वाईट अभिप्राय आल्यास भांडू नये. एक दिवस थांबून शांतपणे लिहावे : “कपडे दोन दिवस उशिरा मिळाले हे खरे, दिलगीर आहोत. फिटिंग विनामूल्य करून देऊ, दुकानी यावे.” हे उत्तर त्या एका गिऱ्हाइकापेक्षा नंतर वाचणाऱ्या शंभरांसाठी असते. गिऱ्हाईक समाधानी झाले तर त्याला आपला अभिप्राय बदलताही येतो. अभिप्राय बनावट असेल तर तो काढण्याची मागणी नोंदवावी. ‘पैसे द्या, नाहीतर एक तारा देत राहू’ अशी धमकी आल्यास पैसे देऊ नयेत. संदेश जपून ठेवावेत, गूगलकडे तक्रार करावी आणि सायबर पोलिसांच्या १९३० क्रमांकावर कळवावे.

किल्ली आपल्याच खिशात

शेवटी एक इशारा. “गूगलमधून बोलतो, पैसे भरा नाहीतर दुकान नकाशावरून काढू,” असे फोन येतात. नोंदीसाठी गूगल पैसे घेत नाही. खात्रीचा सांकेतिक आकडा कोणालाही सांगू नये. मुलाला, पुतण्याला किंवा एजंटाला काम सोपविण्यास हरकत नाही, पण नोंद आपल्या स्वतःच्या ईमेलवर असावी आणि त्यांना फक्त व्यवस्थापकाचे अधिकार द्यावेत. एजंटाच्या ईमेलवर नोंद करणे म्हणजे दुकानाची किल्ली त्याच्या हाती देणे होय. उद्या बिनसले तर वर्षांची मेहनत, शेकडो गिऱ्हाइकांचे अभिप्राय, सारे त्याच्या ताब्यात.

या आठवड्यात प्रत्येकाने आपला धंदा गिऱ्हाईक शोधते तसा मोबाईलवर शोधून पाहावा. नंबर चालू आहे का, वेळ बरोबर आहे का, मालकी कोणाकडे आहे, एवढे तीन प्रश्न जरी सुटले तरी अर्धे काम झाले. उरलेले अर्धे पूर्वीप्रमाणेच कारागिराच्या हातात आहे.